पात्राचे पूर्वायुष्य आकड्यांना बांधावे का?

वीसमुखी (धागाकर्ता):
डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून भूमिका साकारण्याच्या खेळाच्या 2024 च्या प्लेअर्स हँडबुकने, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकाने, पात्राची पार्श्वभूमी (त्याचा पूर्वीचा व्यवसाय) आणि त्याचे गुणांक यांची गाठ मारली आहे. ती सोडवायला हवी असे माझे ठाम मत आहे. पुस्तकातल्या 16 पार्श्वभूमींपैकी प्रत्येकीला ताकद, बुद्धिमत्ता अशा सहा गुणांपैकी तीन नेमून दिले आहेत आणि सुरुवातीची वाढ त्या तिघांतच घ्यावी लागते. शेतकऱ्याच्या वाट्याला ताकद, काटकपणा आणि शहाणपण येते, तर विद्वानाच्या वाट्याला काटकपणा, बुद्धिमत्ता आणि शहाणपण. म्हणजे ज्याला शेतात राबून वर आलेला विझार्ड, म्हणजे बुद्धीच्या बळावर मंत्र टाकणारा जादूगार, खेळायचा आहे, त्याची बुद्धिमत्ता 15 वर अडते आणि शेजारी बसलेल्याचा विद्वान विझार्ड 17 वरून निघतो. अशा वेळी बहुतेक खेळाडू आधी आकडे पाहतात आणि मग त्यांना शोभेल असे बालपण पात्राला चिकटवतात.

त्याहून मोठी हानी वेगळीच आहे. 2014 च्या आवृत्तीत प्रत्येक पार्श्वभूमीबरोबर जगाशी नाते जोडणारी एक सवलत असे. खलाशाला स्वतःसाठी आणि साथीदारांसाठी जहाजावर फुकट जागा मिळवता येई, मात्र प्रवासात सर्वांनी खलाशांच्या हाताखाली काम करायचे. लोकनायकाला गावकरी आसरा देत, शिपायांपासून लपवत, पण त्याच्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावत नसत. या शेवटच्या अटीतच केवढे नाट्य होते! आता खलाशाला गुत्त्यातल्या मारामारीचे कसब मिळते, आणि लोकनायक तर यादीतूनच गेला आहे.

नकाशावाली:
आपल्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत नाही. 2014 मध्ये हीच वाढ पात्राच्या वंशावरून ठरत असे. हाफ-ऑर्क जन्मतःच बलवान आणि एल्फ जन्मतःच चपळ. माणूस काय करत वाढला यावरून त्याचे बळ ठरावे, कोणाच्या पोटी जन्मला यावरून नव्हे, हा बदल मला न्याय्य वाटतो. शिवाय गुणांकातल्या दर 2 मागे फाशात 1 मिळतो, त्यामुळे 15 आणि 17 यांतला फरक फाशावर फक्त 1 चा आहे, म्हणजे 20 तोंडांच्या फाशावर पाच टक्के. तेवढ्यासाठी जो आपल्या पात्राचे शेतकरीपण सोडतो, त्याला ते मुळात प्रिय नसावे.

सवलतींबद्दलही सांगते. मी डंजन मास्टर, म्हणजे कथा चालवणारी, म्हणून ज्या मोहिमा चालवल्या, त्यांत खलाशाची सवलत क्वचितच कामाला आली, कारण कथा वाळवंटात असली की जहाज कुठून आणणार? आणि बंदरावर पोहोचलेल्या जुन्या खलाशाला ओळखीचा कप्तान भेटवायला मला नियमाची गरज पडत नाही.

वीसमुखी:
वंशाचे बंधन 2020 मधल्या एका पूरक पुस्तकानेच सैल केले होते. वाढ हव्या त्या गुणात घेण्याची मुभा तेव्हाच मिळाली होती. त्यामुळे खरी तुलना त्या मुभेशी व्हायला हवी, आणि त्या तुलनेत 2024 चा नियम मागे गेला आहे. पाच टक्क्यांचा फरकही वाटतो तेवढा किरकोळ नाही, कारण तो विझार्डच्या हल्ल्याला आणि त्याचे मंत्र टाळणे शत्रूला किती अवघड जाईल यालाही लागू होतो. चौथ्या लेव्हलला दोघांनी बुद्धिमत्ता 2 ने वाढवली तरी एक 17 वर आणि दुसरा 19 वर असतो, म्हणजे अंतर जसेच्या तसे राहते.

आपण चांगल्या डंजन मास्टर आहात म्हणून कप्तान भेटवता. नवख्या डंजन मास्टरसमोर बसलेल्या लाजऱ्या खेळाडूला मात्र ‘हे मला पुस्तकाने दिले आहे’ असे म्हणता येणे फार मोलाचे असते.

जुना_तळघरवासी:
दोघांचेही म्हणणे वाचले. 1974 मधल्या मूळ खेळात पार्श्वभूमी नावाची गोष्टच नव्हती, आणि 1979 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये पूर्वीचा व्यवसाय ठरवायला एक छोटा तक्ता पुरेसा होता. पात्राला इतिहास हवाच असेल तर 1977 च्या ट्रॅव्हलर या अंतराळातल्या भूमिकाखेळाकडे पाहावे. तिथे पात्र चार-चार वर्षांच्या मुदतींनी नोकरी करते, फासे टाकून कौशल्ये मिळवते आणि मूळ नियमांनुसार खेळ सुरू होण्याआधीच मरूही शकते. आणखी एक मुदत नोकरी करावी की आता थांबावे, हा निर्णय घेताना खेळाडूचा हात खरोखर अडखळतो. असे धोका पत्करून मिळवलेले पूर्वायुष्य त्याच्या लक्षात राहते. घरून चार पाने लिहून आणलेले पूर्वायुष्य मात्र इतर कोणी वाचतही नाही.

नकाशावाली:
चार पानांबद्दल मान्य. पण फाशाने लादलेला भूतकाळ प्रत्येकाला आपला वाटेलच असे नाही. ज्याला एक विशिष्ट माणूस साकारायचा आहे, त्याच्यावर तो अन्याय ठरतो. आणि वीसमुखी, स्वतःची पार्श्वभूमी घडवण्याचा नियम 2024 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये आहेच.

वीसमुखी:
आहे, पण 2014 मध्ये तो खेळाडूच्याच पुस्तकात होता. आता परवानगी मागावी लागते. 2019 च्या पाथफाइंडर या दुसऱ्या भूमिकाखेळाने हा प्रश्न अधिक समंजसपणे सोडवला आहे. तिथे पार्श्वभूमीतून दोन गुण वाढतात, एक नेमलेल्या जोडीतून आणि दुसरा खेळाडूच्या मर्जीचा. तिथला शेतमजूर आपली मोकळी वाढ बुद्धिमत्तेला देऊ शकतो. मला तर 2013 च्या थर्टीन्थ एज या खेळाची रीत सर्वांत आवडते. खेळाडू स्वतःच्या शब्दांत ‘राजवाड्यातली माजी स्वयंपाकीण’ असे लिहितो, 8 गुण अशा दोन-तीन ओळींत वाटतो, आणि विषाचा वास ओळखायची वेळ आली की त्या ओळीचे गुण फाशात मिळवतो.

जुना_तळघरवासी:
त्या रीतीत प्रत्येक फाशापूर्वी वाद होतो. स्वयंपाकिणीला विष कळेल हे मान्य, पण तिला राजवाड्यातला चोरदरवाजा माहीत असेल का?

वीसमुखी:
तो वाद मला हवाच आहे. ती तिथे किती वर्षे होती, कोणाच्या हाताखाली होती, का निघाली, हे त्या दरवाजापाशीच ठरते, आणि टेबलावरचे सगळे ते ऐकत असतात.