कार्यालयातील संगणकावरील हिशेबाचे व्हर्च्युअल मशीन सुरू न होण्याबाबत

खजिनदार (अ-३०२), सकाळी ९.२०
सर्व सभासदांना नमस्कार. काल सायंकाळी कार्यालयातील संगणकाने मागितलेले उबुंटूचे (त्यावरील लिनक्स प्रणालीचे) अपडेट मी होऊ दिले आणि आज सकाळपासून हिशेबाचा जुना प्रोग्राम ज्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या, आभासी संगणकात) आहे ते सुरूच होत नाही. बाकी संगणक व्यवस्थित चालतो. चवथ पंधरा दिवसांवर आली आहे आणि तिच्या आधी देखभाल वर्गणीची बिले घरोघरी पोचायला हवीत. दुरुस्तीसाठी बोलावलेल्या गृहस्थांनी संगणक फॉरमॅट करून सगळे नव्याने घालावे लागेल असे सांगितले आहे. कोणास काही सुचत असल्यास कृपया कळवावे.

ब-१०४, सकाळी ९.३५
काकू, फॉरमॅट करण्यास कृपया होकार देऊ नका. आधी एवढेच सांगा की मशीनची खिडकी उघडून आत काळा पडदा दिसतो, की खिडकी उघडण्यापूर्वीच बिघाडाची सूचना येते? पहिल्या प्रकारात बिघाड आतल्या विंडोज ७ मध्ये असण्याची शक्यता जास्त, दुसऱ्या प्रकारात तो बाहेरच्या उबुंटूत असतो आणि आतल्या हिशेबाला बहुधा धक्काही लागलेला नसतो. सूचनेचा फोटो पाठवल्यास बरे होईल.

खजिनदार, सकाळी ९.५०
खिडकी उघडतच नाही. फोटो पाठवला आहे. शेवटच्या ओळीत ‘व्हीईआरआर_व्हीएमएक्स_इन_व्हीएमएक्स_रूट_मोड’ असे लिहिले आहे.

क-२०१, सकाळी १०.०५
माझ्या भाच्याने अशा वेळी ते मशीन यादीतून काढून पुन्हा घातले होते. तसे करून पाहावे का?

ब-१०४, सकाळी १०.१५
काका, ते आत्ता नको. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे हे मशीन चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, मशीन काढताना सर्व फायली पुसायच्या का असे विचारले जाते आणि तिथे घाईत चुकीचे बटण दाबले गेले, तर ज्या एका व्हीडीआय फायलीत (मशीनच्या हार्ड डिस्कच्या जागी असलेल्या फायलीत) आपला सगळा हिशेब आहे तीच नाहीशी होईल. मी अर्ध्या तासात कार्यालयात येतो.

ब-१०४, दुपारी १२.४०
मशीन सुरू झाले आहे. काय झाले होते ते सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वेळी मी फोंड्यात असेनच असे नाही.

कालच्या अपडेटमध्ये उबुंटूचा कर्नल (प्रणालीचा गाभा) ६.११ वरून ६.१४ वर गेला. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी व्हीटी-एक्स नावाची सोय असते. लिनक्सची स्वतःची केव्हीएम नावाची यंत्रणा पूर्वी स्वतःचे मशीन सुरू होईपर्यंत त्या सोयीला हात लावत नसे. मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नलपासून ती लोड होतानाच, म्हणजे संगणक चालू होताच, व्हीटी-एक्सचा ताबा घेऊन बसते, आणि मागाहून आलेल्या व्हर्च्युअलबॉक्सला जागा मिळत नाही. फोटोतल्या त्या लांबलचक ओळीचा अर्थ एवढाच आहे.

खात्री करण्यासाठी मी संगणक पुन्हा चालू करताना एस्केप दाबून ग्रबची (संगणक चालू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामची) यादी आणली, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना ६.११ कर्नल निवडला आणि मशीन पहिल्याच फटक्यात उघडले. जुलैची शेवटची पावतीही जागेवर होती. ती डोळ्यांनी पाहिल्यावरच माझ्या जिवात जीव आला. त्यानंतर नव्या कर्नलवर येऊन ‘सुडो मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल’ ही आज्ञा दिली, तेव्हा तिथेही मशीन चालले. हा उपाय संगणक बंद होईपर्यंतच टिकतो, म्हणून ग्रबच्या फायलीत कर्नलच्या ओळीला ‘केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_ॲट_लोड=०’ हे शब्द जोडून ‘अपडेट-ग्रब’ चालवले. दोनदा बंद-चालू करून पाहिले, अडचण आली नाही.

सचिव (अ-१०१), दुपारी १.०५
मनःपूर्वक आभार. दरवेळी याच कारणाने बंद पडेल का?

ब-१०४, दुपारी १.२०
नाही, सर. कर्नल बदलल्यावर व्हर्च्युअलबॉक्सचे ‘व्हीबॉक्सडीआरव्ही’ हे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) त्या कर्नलसाठी नव्याने बांधले जावे लागते. कर्नलचे हेडर्स (बांधणीसाठी लागणाऱ्या त्याच्या फायली) नसतील तर ते बांधलेच जात नाही, आणि सिक्युअर बूट (सही तपासूनच प्रणाली चालू होऊ देणारी सोय) चालू असून मॉड्यूलवर मान्य सही नसेल तर कर्नल ते आत घेत नाही. तेव्हा सूचना ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ अशी असते आणि उपायही वेगळा असतो. म्हणून सूचनेतला शब्द न् शब्द टिपून ठेवणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मात्र आज मला खरी भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या व्हीडीआय फायलीची दुसरी प्रत कुठेही नव्हती. व्हर्च्युअलबॉक्समध्ये घेतलेला स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) सहसा त्याच डिस्कवर राहतो, त्यामुळे त्याला प्रत म्हणता येत नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सुरक्षेची अपडेट) १४ जानेवारी २०२० रोजी संपल्यामुळे त्या मशीनचे इंटरनेट आपण बंद ठेवले आहे ते योग्यच आहे, पण त्यामुळे प्रतही आपोआप कुठे जात नाही.

खजिनदार, दुपारी १.३५
बाहेरची डिस्क आजच आणते. प्रत कधी घ्यावी?

ब-१०४, दुपारी १.४०
दर महिन्याला बिले काढून झाल्यावर आणि कोणतेही अपडेट होऊ देण्यापूर्वी. मशीन नुसते ‘सेव्ह’ करून ठेवू नका, आतून विंडोज पूर्ण बंद करा आणि मग त्या मशीनचा संपूर्ण फोल्डर डिस्कवर उतरवा. पावसात दुपारी वीज वारंवार जाते, तेव्हा हे काम सकाळी लवकर केलेले बरे. पहिली प्रत उद्या आपण दोघे मिळून घेऊ.