मदत हवी आहे: तर्री पोह्यांचा ठेला डिस्क्रीट की कंटिन्युअस?

नमस्कार मंडळी. नागपुरात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिम्युलेशनच्या (खऱ्या गोष्टीची कॉम्प्युटरवर नक्कल चालवून बघणं) मिनी प्रोजेक्टसाठी कॉलेजजवळचा तर्री पोह्यांचा ठेला घेतला. तीन दिवस सकाळी वही घेऊन उभा राहिलो (पोहेही हाणले, ते वेगळं). तासाला सरासरी ४० गिऱ्हाईकं, एकाला सरासरी १.२ मिनिटं, देणारा माणूस एकच.

मॉडेलचा प्रकार म्हणून मी 'डिस्क्रीट, डायनॅमिक, स्टोकॅस्टिक' लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "गंजातली (पातेल्यातली) तर्री तर सतत थंड होत असते. मग डिस्क्रीट कसं?" वर मित्र म्हणतो, ठेला जागचा हलत नाही म्हणजे स्टॅटिक! सोमवारी व्हायवा आहे. कोणी समजावेल का?

रांगेतला: मित्राला सांग, स्टॅटिक म्हणजे ज्यात वेळेला काही कामच नाही. चौकोनात हजार ठिपके कसेही टाकून वर्तुळात किती पडले त्यावरून पायची (π) किंमत काढतात, ते स्टॅटिक. तुझी रांग ७ वाजता वेगळी, ८ला वेगळी, म्हणजे डायनॅमिक.

आता मॅडमचा मुद्दा. तू कशावर लक्ष ठेवून आहेस? रांगेत किती जण, यावर. तो आकडा कोणी आलं किंवा गेलं तरच बदलतो, मधल्या वेळात जसाच्या तसा. म्हणून घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं. हे डिस्क्रीट. तर्रीचं तापमान हवं असेल तर डिफरन्शिअल इक्वेशन (क्षणाक्षणाला होणाऱ्या बदलाचं समीकरण) आलं, तिथे कंटिन्युअस. तर्री कोमट झाली की तो गॅस वाढवतो आणि तेवढा वेळ रांग थांबते, हे धरलंस तर दोन्ही एकत्र. ठेला तोच राहतो भाऊ, प्रश्न बदलला की मॉडेलचा प्रकार बदलतो. व्हायवात हेच सांग.

गणितवाला: स्टोकॅस्टिक (म्हणजे ज्यात रँडम चढउतार असतात) का, हे आकड्यांनी दाखव. बरोबर दर १.५ मिनिटाला एक जण आला आणि प्रत्येकाला नेमकी १.२ मिनिटंच लागली, तर रांग लागणारच नाही. पण येण्यातलं अंतर आणि प्लेट वाढायचा वेळ दोन्ही एक्स्पोनेन्शिअल धरले (बहुतेक वेळा छोट्या, मधूनच एखादी खूप मोठी; एकच देणारा असलेल्या अशा रांगेला एम/एम/१ म्हणतात), तर सरासरी तेच असूनही माणूस ठेल्यावर सरासरी ६ मिनिटं अडकतो. ४० चे ४५ झाले की १२ मिनिटं! गिऱ्हाईक आठवा हिस्सा वाढलं, वेळ दुप्पट. फक्त वहीतल्या वेळा खरंच एक्स्पोनेन्शिअल दिसतात का, तो हिस्टोग्राम (कोणती वेळ किती वेळा आली त्याचा आलेख) आधी काढ. प्लेट लावायचा वेळ बहुतेक इतका विखुरलेला नसतो.

धागाकर्ता: बाप्पा, हे वर्गात कोणी सांगितलंच नव्हतं! हिस्टोग्राम काढला: येण्याच्या वेळा जुळतात, वाढण्याच्या नाही, त्या सव्वा मिनिटाच्या आसपासच गोळा झाल्या आहेत. आणखी एक अडचण: ८ ते ९ मध्ये झुंबड असते, १० नंतर शुकशुकाट. ४० ही सरासरी मग चालेल का?

रांगेतला: नाही चालणार. अर्ध्या-अर्ध्या तासाचा दर वेगळा काढ. ठेला सकाळी रिकामाच उघडतो, तेव्हा प्रत्येक दिवस शून्यापासून चालव आणि असे निदान ३० दिवस वेगवेगळ्या रँडम सीडने (रँडम आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) घे. प्लेट वाढायच्या वेळेला तू मोजलेल्या वेळांचंच वितरण (डिस्ट्रिब्यूशन) लाव.