मदत हवी आहे: स्मोकरच्या पॅनमध्ये पाणी की वाळू?

मंडळी, 18 इंची उभा कोळशाचा स्मोकर (मंद आचेवर, धुरात मांस शिजवायची भट्टी) आहे. 2 किलोची बोकडाची रान (मांडी), 110 ते 120 अंश सेल्सिअसवर पाच-सहा तास. अडचण कोळसा आणि मांस यांच्या मधल्या पॅनची.

पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आच आपोआप आवरते. पण वाफ करण्यातच बराच कोळसा खर्ची पडतो. वरून गार पाणी ओतलं की तापमान धाडकन उतरतं, म्हणून उकळतंच घालावं लागतं.

वाळू आटत नाही, पण तिला लगामही नाही. एकदा 140 झालं की खालची हवेची भोकं बंद करूनही लवकर उतरत नाही. इथे इंदूरला मिळते ती बांधकामाची नर्मदेची वाळू. धुऊन, कढईत खडखडीत भाजून घेतली आहे. वर फॉइलचे दोन थर, नाहीतर चरबी वाळूत मुरून जळते आणि तो कडवट धूर थेट मांसाला लागतो.

पॅन अर्धं भरावं की काठोकाठ? फॉइल वाळूवर चपटी बसवावी की खाली बोटभर पोकळी ठेवावी? आणि वाळू असताना खालची भोकं किती अंशांपासून आवळायला घेता? 100 ला की त्याही आधी? (‘गॅसवर कर’ हे उत्तर नको!)