सीएनसी राउटरचा संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स यांसाठी पेटी: समुद्राजवळ ती बंद असावी की हवेशीर?

फणसाचा_पाट (वेंगुर्ला)

नमस्कार. दोन वर्षांपासून मी घराच्या पडवीत ६०० बाय ९०० मिलिमीटरचा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारे यंत्र) सवडीने उभारत आहे. त्याचा यांत्रिक भाग आता पुरा झाला आहे. फणसाच्या आणि आंब्याच्या लाकडात देव्हाऱ्यांची नक्षी, पाट आणि नावांच्या पाट्या कोरण्याचा विचार आहे. नेमा २३ मापाच्या चार स्टेपर (पायरी-पायरीने फिरणाऱ्या) मोटरी, त्यांना चालवणारे चार डीएम५४२ ड्रायव्हर, ३६ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठा), दीड किलोवॉटचे स्पिंडल (कोरणारे पाते फिरवणारी मोटर) व त्याचा व्हीएफडी (वेग नियंत्रक), संगणकाला ड्रायव्हर आणि स्विच जोडणारा ब्रेकआउट बोर्ड आणि लिनक्ससीएनसी ही यंत्र चालवणारी प्रणाली चालवण्यासाठी पॅरलल पोर्टचा जुना डेस्कटॉप, एवढा संसार आता कुठेतरी नीट बसवायचा आहे.

संगणकाच्या उंच कॅबिनेटमधील डिस्कचे कप्पे कापून काढावेत, सगळे साहित्य त्यातच बसवावे आणि मागे-पुढे दोन पंखे लावावेत, अशी माझी पहिली कल्पना होती. मात्र मागच्या पावसाळ्यात ब्रेकआउट बोर्ड एका फळीवर उघडाच होता आणि मृगापासून गणपतीपर्यंतच्या काळात त्याच्या टर्मिनलचे स्क्रू हिरवे पडले. एका लिमिट स्विचची (यंत्र टोकाला पोहोचले की त्याला थांबवणाऱ्या स्विचची) तार स्क्रूखालून ओढून पाहिली, तर तांबे काळे होऊन हातातच तुटले. त्यावर फणसाचा पिवळा भुसा मेणासारखा चिकटला होता, तो ब्रशनेही निघाला नाही. समुद्र घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे.

पंखे लावले तर भुसा आणि खारी हवा आत येणार, न लावले तर उन्हाळ्यात ड्रायव्हर तापणार. ६०० बाय ५०० बाय २५० मिलिमीटरची पत्र्याची पॅनेल पेटी मला जुन्या बाजारात मिळत आहे. तिच्यात सगळे बसवून ती पूर्ण बंद करावी का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पॅनेलवाला_मिरजोळे (रत्नागिरी)

आपण दिलेल्या मापांवरून आकडेमोड करून पाहू, कारण या प्रश्नाचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

रंगवलेल्या पत्र्याच्या बंद पेटीतून, आतले तापमान बाहेरच्यापेक्षा एक अंश जास्त असेल तेव्हा, दर चौरस मीटरमागे साधारण साडेपाच वॉट उष्णता बाहेर जाते. आपली पेटी भिंतीवर लावल्यावर तिची पाठ हिशेबातून वगळावी लागते, म्हणजे उरलेले क्षेत्रफळ ०.८५ चौरस मीटर येते आणि दर अंशाला सुमारे ४.७ वॉट बाहेर पडतात. चार ड्रायव्हर मिळून तीसेक वॉट आणि एसएमपीएस वीसेक वॉट, अशी ५० वॉट उष्णता धरली, तर आतले तापमान बाहेरच्यापेक्षा ११ अंशांनी चढेल. मे महिन्यात पडवीत ३४ अंश असताना आत ४५ होतील आणि एवढे हे साहित्य मुकाट्याने सोसते. त्यात ६० वॉटचा डेस्कटॉप घातला की आकडा ५७ वर जातो. वर व्हीएफडीचे ५०-६० वॉट मिळवले, तर आपण पेटी नव्हे, भट्टीच बांधली असे होईल. एसएमपीएसमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला अंदाजे निम्मे होते, हे लक्षात घेतले तर त्या भट्टीची किंमत समजेल.

म्हणून पेटी बंदच ठेवावी, पण तिच्यात फक्त ड्रायव्हर, एसएमपीएस, ब्रेकआउट बोर्ड आणि कॉन्टॅक्टर (यंत्राची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) एवढेच बसवावे. डेस्कटॉप भिंतीपलीकडे घरात ठेवावा आणि शिल्ड (तारांभोवती धातूचे आवरण) असलेली पॅरलल केबल दोन मीटरच्या आत संपवावी. व्हीएफडीला स्वतःची वेगळी, हवेशीर पेटी द्यावी. उष्णता हे त्याचे एक कारण झाले. दुसरे असे की तो स्पिंडलच्या तारांवर जो विद्युत गोंगाट करतो, त्यामुळे लिमिट स्विच दाबला न जाताही यंत्र थांबते आणि अर्धे कोरलेले लाकूड वाया जाते. स्पिंडलची केबल शिल्ड असलेली घ्यावी आणि तिचे शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करावे. लिमिट स्विचच्या केबलचे शिल्ड मात्र फक्त पेटीच्या टोकाला जोडावे. स्विच नेहमी एनसी (एरवी जोडलेली, दाबल्यावर तुटणारी) जोडणीतच वापरावेत, म्हणजे मागच्या वर्षीसारखी तार तुटली तर यंत्र आपणहून थांबेल.

आता ज्या मुद्द्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, तो सांगतो. आपले यंत्र हौशी आहे, म्हणजे ते आठवड्यातून सहा-सात तास चालणार आणि उरलेला वेळ बंद राहणार. कोकणात इलेक्ट्रॉनिक्स चालू असताना क्वचितच खराब होते, ते बंद असताना सडते. हवेतील मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर स्वतःच पाणी शोषून घेऊन ओले होते आणि आपण पाहिलेले हिरवे स्क्रू ही त्या ओल्या मिठाचीच करणी आहे. जुलैच्या रात्री बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर पेटीच्या आतली हवा फक्त पाच अंशांनी गरम ठेवल्यास आतली आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर उतरते. त्यासाठी आपल्या पेटीत २५ वॉट पुरतात. आमच्याकडे हार्मोनियमच्या कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवण्याची पद्धत होती, तीच ही युक्ती आहे. पण जुना १५ वॉटचा झिरो बल्ब या पेटीत तीनच अंश चढवतो आणि आर्द्रता ७६ टक्क्यांवर अडते, म्हणजे तो थोडक्यात हुकतो. हल्लीचे अर्ध्या वॉटचे एलईडी झिरो बल्ब तर या कामाचे मुळीच नाहीत. पॅनेलच्या सामानाच्या दुकानात थर्मोस्टॅटसह स्पेस हीटर मिळतो, तो तळाशी, तारांपासून दूर बसवावा. हीटरचा पुरवठा मुख्य कॉन्टॅक्टरच्या एनसी संपर्कातून घेतल्यास यंत्र बंद झाले की हीटर चालू होतो आणि यंत्र चालू झाले की तो बंद होतो.

केबल पेटीच्या तळातूनच, ग्लँड (केबलभोवतीची फट बंद करणारी टोपी) लावून आत घ्याव्यात. ग्लँडच्या आधी प्रत्येक केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून उतरणारे पाणी तिथेच ठिबकेल. न वापरलेली भोके बुजवावीत, नाहीतर हीटरच्या उबेला पहिली पाल आठवड्याच्या आत राहायला येते. हे मी विनोदाने लिहीत नाही. एका पॅनेलमध्ये दोन टर्मिनलांवर आडवी पडून जळालेली पाल मी स्वतः काढली आहे.

करवत_आणि_कोड (अलिबाग)

पॅनेलवाला यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, फक्त डेस्कटॉपचा आग्रह मला पटत नाही. अशा राउटरला जीआरबीएल (यंत्र चालवणारी छोटी प्रणाली) चालवणारा तळहाताएवढा बोर्ड पुरतो, तो पाच वॉटही खात नाही आणि त्याच पेटीत बसतो. पेटी जुन्या बाजारातून घेत असाल, तर दाराचे रबरी गॅस्केट नवे घालावे, कारण जुने रबर दबून कडक झालेले असते आणि मग बंद पेटी नावापुरतीच बंद राहते. ब्रेकआउट बोर्डावर अॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल रोखणाऱ्या पातळ थराचा) फवारा मारावा, मात्र आधी टर्मिनलांवर चिकटपट्टी लावायला विसरू नये. मी विसरलो होतो आणि एक अख्खी संध्याकाळ स्क्रूंची तोंडे खरवडण्यात गेली.

फणसाचा_पाट (वेंगुर्ला)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डेस्कटॉप घरात आहे आणि लिनक्ससीएनसीवर हात बसला आहे, त्यामुळे तूर्त तोच ठेवतो. संगणक माजघरात, ड्रायव्हरची पेटी पडवीच्या भिंतीवर आणि व्हीएफडी वेगळा, असे ठरवले आहे. दोन शंका उरल्या आहेत. पेटी जमिनीपासून किती उंच असावी? आणि अर्थिंगसाठी घराच्या जुन्या खड्ड्यावर विसंबावे का? आमच्याकडे वीतभर मातीखाली सगळा जांभाच आहे.

वाशिष्ठीकाठचा (चिपळूण)

उंचीबद्दल माझ्याकडून ऐका. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझे लेथ आणि त्याचे पॅनेल दोन्ही बुडाले. लेथ घासूनपुसून, तेल घालून पुन्हा फिरू लागले, पॅनेल मात्र फेकावे लागले. आपल्याकडे नदीचा प्रश्न नसेल, पण पडवीत वाऱ्याबरोबर पागोळ्यांचे पाणी आडवे येते, म्हणून पेटीचा तळ निदान कमरेच्या वर असावा आणि ती पावसाच्या तोंडाला असलेल्या भिंतीवर लावू नये. भिंत आणि पेटी यांच्यात दोन बोटांची फट ठेवली, तर पावसाळ्यात पाझरणाऱ्या भिंतीची ओल पाठीला लागणार नाही. शिवाय पाठीकडूनही थोडी उष्णता निघून जाईल.

अर्थिंगच्या बाबतीत जांभा फसवा आहे. पावसाळ्यात खड्डा भिजलेला असतो, त्यामुळे मोजणी चांगली येते, पण एप्रिल-मे महिन्यांत जांभा कोरडा पडला की तोच खड्डा निकामी झाल्यासारखा वागतो. म्हणून मोजणी मे महिन्यात करून घ्यावी. कोळसा-मिठाचा खड्डा असेल, तर उन्हाळ्यात त्यात आठवड्याला दोन कळशा पाणी ओतावे. पेटीच्या आत एकच तांब्याची अर्थपट्टी ठेवून एसएमपीएस, पेटीचा पत्रा, पेटीचे दार आणि यंत्राचा सांगाडा या सर्वांच्या अर्थतारा तिथेच आणाव्यात, एकातून दुसऱ्यात साखळीने नेऊ नयेत. दाराला बिजागरीतून अर्थ मिळेल असे समजू नये, रंग आणि गंज तो तोडतात. त्यासाठी लवचीक वेणीची तार वेगळी जोडावी. व्हीएफडीमधील फिल्टरच्या गळतीमुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) अधूनमधून उगाच पडतो, पण म्हणून तो काढून टाकू नये. व्हीएफडीला स्वतंत्र सर्किट द्यावे.

एक तपासणी मात्र पेटी बंद करण्याआधीच उरकावी. स्वस्त स्पिंडलांच्या चार पिनांच्या सॉकेटमधील चौथी, म्हणजे अर्थची पिन बऱ्याचदा आत कशालाच जोडलेली नसते. मल्टिमीटर जोडणी तपासण्याच्या (बीप वाजणाऱ्या) खुणेवर ठेवून त्याचे एक टोक त्या पिनेला आणि दुसरे स्पिंडलच्या अंगाला लावून पाहावे. आवाज आला नाही, तर सॉकेटची टोपी उघडून पिन आतून अंगाशी जोडून घ्यावी. व्हीएफडीला एकदा वीज दिलेली असेल, तर ती बंद केल्यावर त्याच्या टर्मिनलांना हात लावण्याआधी निदान पाच मिनिटे थांबावे, कारण आत सव्वातीनशे व्होल्ट डीसी साठलेले असतात. थांबल्यावरही मीटर लावून खात्री करावी आणि मगच स्क्रू सैल करावा.