यादीतून नाव गेलं की सगळं संपतंच असं नाही

वर एकाने लिहिलंय की एएफएल (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची सर्वोच्च लीग) मधल्या क्लबने खेळाडूंच्या यादीतून काढलं की खेळाडूचं करिअर संपलं, कारण हा खेळ ऑस्ट्रेलियाबाहेर व्यावसायिक पातळीवर कुठे खेळलाच जात नाही. दुसरा भाग पटतो. आपल्या नेहमीच्या फुटबॉलवाल्यासारखं दुसऱ्या देशात नशीब काढता येत नाही. पण मधे राज्य पातळीवरच्या लीग आहेत, व्हीएफएल (मुळात व्हिक्टोरिया राज्याची लीग) वगैरे. पैसे बेताचेच, म्हणून आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवारी मॅच.

जेम्स पोडसियाडलीचं उदाहरण इथे कुणी दिलं नाही. एसेंडन आणि कॉलिंगवूड, या दोन्ही एएफएल क्लबांच्या यादीत होता, पण मुख्य संघातून एकही सामना न खेळता दोन्हीकडून बाहेर. मग व्हीएफएल, आणि जिलाँग या एएफएल क्लबमध्ये खेळाडूंच्या फिटनेसचं काम. म्हणजे ज्यांच्यासोबत खेळायचं त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा! त्याच क्लबने त्याला रुकी (राखीव यादीतला खेळाडू) म्हणून घेतलं, २०१० मध्ये २८व्या वर्षी पदार्पण. २०११ च्या ग्रँड फायनलमध्ये खांदा निखळला, पण जिलाँग जिंकलं. समोर कोण? कॉलिंगवूड.

अर्थात असा एखादाच. पण व्हीएफएलची ती वर्षं फुकट गेली असं त्याला कोण म्हणेल?