बोलेरो डीआय: नवा टर्बो ३४० किलोमीटरमध्ये गेला, पुढचा टाकण्याआधी कारण शोधायचंय

संत्रापट्टा (चांदूर बाजार तालुका)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, अर्धी माहिती देऊन उत्तर मागणं बरं नाही.

गाडी बाबांची. २०१० ची बोलेरो डीआय, २५२३ सीसीचं टर्बो इंजिन. नऊ वर्षं तिनं आमच्या बागेतली संत्री वाहिली, ताईची पाठवणी तिच्यातूनच झाली. २०१९ मध्ये बाबांचे गुडघे धरले आणि गाडी गोठ्यामागच्या कडुलिंबाखाली उभी राहिली, ती पाच वर्षं हललीच नाही. मागच्या दिवाळीनंतर मी ती बाहेर काढली. खालचा पत्रा सडला होता, तो वेल्डिंग करून घेतला. क्लच, ब्रेक, रेडिएटर झालं. एअर फिल्टरच्या पाइपात कुंभारमाशीनं मातीची पाच-सहा घरं केली होती, ती खरवडून काढली. पंधरा वर्षं भरल्यानं आरटीओत रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करायचंय, आणि धूर ओकणारी गाडी घेऊन मला तिथं उभं राहायचं नाही.

इंजिन ठणठणीत आहे. थंडीतही अर्ध्या सेल्फला उचलतं, तेलाचं झाकण काढलं तर वाफ अगदी थोडी. टर्बोचा, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, शाफ्ट (मधला दांडा) मात्र जाम होता, म्हणून शहरातल्या एका गॅरेजात कोअर, म्हणजे चाकं आणि शाफ्टचा आतला भाग, बदलून घेतला. हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, जुनंच ठेवलं. कोअर आणि मजुरी मिळून साडेअकरा हजार गेले. पहिले आठ दिवस गाडी अशी ओढायची की बाबा ओसरीतून आवाज ऐकूनच खूश व्हायचे.

अकराव्या दिवशी शिट्टी सुरू झाली. आधी बारीक, मग दुरून भोंगा यावा तशी, रेस वाढवली की चढत जाणारी. सकाळी निळा धूर, चढावर काळा. ३४० किलोमीटरमध्ये अर्धा लिटर तेल प्यायली. पाइप काढून पाहिलं तर आत तेल ओघळलेलं. शाफ्टचा नट दोन बोटांत धरून हलवला तर आडवा हलतोच, पण पुढे-मागेही टक टक वाजतो. टर्बोतल्या चाकाच्या पात्या हाउसिंगला घासून चंद्रकोरीएवढा चकचकीत पट्टा पडलाय.

गॅरेजवाले म्हणतात, कोअरच खराब निघाला, दुसरा टाकून देऊ. मला तसं वाटत नाही. काहीतरी याला मारतंय आणि ते गाडीतच आहे. कुठून बघायला सुरुवात करू?

डिझेलपंप_वणी

आधी एक काम: गाडी चालू करू नका. पाइपात तेल साचलंय ना, ते जास्त झालं तर डिझेल इंजिन तेच जाळायला लागतं. मग चावी काढा नाहीतर वायर तोडा, रेस आपोआप चढत जाते. तसं कधी झालंच तर हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक गच्च दाबून, वरच्या गियरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. हवेच्या तोंडाला हात लावायचा नाही, खेचून घेतं. मी हे एकदा ट्रॅक्टरवर डोळ्यांनी पाहिलंय, त्यानंतर पाइपातलं तेल दिसलं की मी पहिलं हेच सांगतो.

दुसरं, मेलेला कोअर फेकू नका, परतही देऊ नका. खोला आणि बघा. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवेकडच्या चाकाच्या, पात्यांच्या कडा वाळूनं घासल्यासारख्या झिजल्या असतील तर धूळ आत गेली. तुमच्या कुंभारमाशीची माती असू शकते, तुरीचा भुसाही असतो. एक्झॉस्टकडचं चाक ठोकल्यासारखं वाकलं असेल तर इंजिनमधून काहीतरी तुटून आलंय. बेअरिंगच्या जागी ओरखड्यांच्या रेघा असतील तर तेलात कचरा. आणि शाफ्ट निळा-जांभळा झाला असेल तर तेल पोचलंच नाही. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि तो लोखंडावर टेकलेला नसतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. थर गेला की खेळ संपला.

आडवा थोडा खेळ नव्या टर्बोतही असतो, त्याला घाबरू नका. पुढे-मागे मात्र ०.१ मिलिमीटरच्या आतच पाहिजे. टक टक आवाज येण्याइतका म्हणजे शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग गेलं.

कापूसवाडा

माझ्या गाडीलाही शिट्टी होती, होजला चीर निघाली. साबणाचं पाणी मारून बघा, दोनशे रुपयांत काम होईल.

संत्रापट्टा

@कापूसवाडा, होज आणि क्लिपा आधीच पाहिल्या. एका टोकाला पीव्हीसीची टोपी लावून, तिच्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून हात-पंपानं हवा भरली, साबण लावला, कुठेच बुडबुडा नाही. शिवाय फाटक्या होजनं काळा धूर होईल, गाडी तेल पिणार नाही.

@डिझेलपंप_वणी, आज पहाटे साडेपाचलाच बसलो. सध्या ऊन असं आहे की दहानंतर बॉनेटला हात लागत नाही. कोअर खोलला. कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा साबूत, फक्त घासल्याचा पट्टा. एक्झॉस्टकडचं चाक सरळ. पण शाफ्ट! दोन्ही बेअरिंगच्या जागी मोराच्या पिसासारखा निळा झालाय, आणि एक्झॉस्टकडच्या बेअरिंगचं पितळ त्याला चिकटून आलंय. म्हणजे तेलच नाही. पण डॅशबोर्डवर तेलाचा दिवा कधी लागला नाही, मग हे कसं?

डेपोवाला_काका (दर्यापूर)

दिवा इंजिनचा हाय, टर्बोचा नाई. मेन गॅलरीत, म्हंजे इंजिनातल्या तेलाच्या मोठ्या वाटेत, प्रेशर असलं का दिवा बुजते. पुढं टर्बोच्या नळीत काय चालू हाय, थे त्याले काय मालूम?

मी ३१ वर्सं एसटीच्या डेपोत फिटर होतो, म्हून सांगून रायलो. टर्बोले तेल देनारी जे बारकी नळी असते, तिच्या दोन्ही टोकाले बँजो बोल्ट रायते. त्या बोल्टाच्या पोटात बारकं भोक असते. माल भरून घाट चढून आली गाडी, आन आल्याबरोबर चावी बंद केली, तर तेल जागच्या जागी थांबते. बाजूले एक्झॉस्ट लालबुंद. तेल जयते, त्याचा कोयसा होते, आन तो त्या भोकात आन नळीत साचत जाते. बाहेरून नळी नवीन नवरीसारखी दिसते, आत सुई जात नाई. लोकं टर्बो नवा लावतेत आन नळी तेच जुनी ठेवतेत.

आता असं करजो. इंजिनच्या बाजूनं नळी असू दे, टर्बोच्या बाजूचं टोक काढून बाटलीत धरजो. डिझेल बंद ठेवून पोराले सेल्फ मारायले सांगजो, दहा-दहा सेकंदानं, मधात थांबून. तेल धारेनं आलं पायजे. थेंब पडले तर समजून जाय.

आन परत जानारा पाइपही पायजो. तिथून तेल नुसत्या वजनानं खाली उतरते, त्याले प्रेशर नसते. पाइप चेपला का तेल वरतेच तुंबते आन सीलमधून बाहेर येते. तिथं गॅरेजवाल्यानं सिलिकॉन लावलं असंन तर आजच काढून टाक. पॅकिंगच्या जागी फक्त पॅकिंग.

संत्रापट्टा

काका, तुमच्या पाया पडतो.

चुलतभावाला सेल्फवर बसवलं, मी पाण्याची लिटरची बाटली धरून खाली बसलो. तीन वेळा सेल्फ मारला. बाटलीच्या बुडाशी जेमतेम एक चमचा काळं तेल, तेही थेंब थेंब.

मग बँजो बोल्ट काढून उन्हात डोळ्यासमोर धरला. भोकातून उजेड दिसायला पाहिजे, दिसला फक्त टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. आतून काळा थर, चुलीवर करपलेल्या दुधासारखा भांड्याला धरलेला. खिळ्यानं टोकरलं तर कडकडीत तुकडे पडले. नळी वाकवून ठोकली तर तिच्यातूनही चिमूटभर काळी रेती निघाली. हीच नळी नव्या कोअरला लावली होती, अकरा हजारांच्या कामात!

आणि सिलिकॉनही निघालं. परतीच्या पाइपाच्या फ्लँजला पॅकिंगऐवजी लाल सिलिकॉन भरलेलं. आवळल्यावर ते आत दाबलं गेलं आणि गांडुळासारखी लाल दोरी भोकात लोंबत होती, जवळजवळ अर्धं भोक व्यापून. बोटानं ओढली तर अख्खी निघून हातात आली.

संध्याकाळी बाबांना बोल्ट दाखवला. त्यांनी हातात घेऊन बराच वेळ फिरवला. म्हणाले, "मंडीतून माल टाकून आलो का मी लगेच चावी काढत होतो. डिझेल वाचते म्हून." कुणीच त्यांना कधी सांगितलं नव्हतं. गाडी घेताना मिळालेल्या पुस्तकात असेलही, पण ते पुस्तक वाचायचं असतं हे आमच्याकडे कुणाला माहीत होतं?

आता नवी नळी, दोन्ही बँजो बोल्ट, तांब्याचे वायसर, पॅकिंग सगळं नवं आणतोय. बसवताना काय सांभाळू?

डिझेलपंप_वणी

जुनी नळी धुऊन वापरू नका, आतला कोळसा पुरता कधीच निघत नाही. सुटलेला एक कण नव्या बेअरिंगला पुरेसा आहे.

तेल आणि तेलाचा फिल्टर बदला. गाडी पाच वर्षं उभी होती, तेव्हा शक्य झालं तर चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) उतरवून तळाचा गाळ आणि तेल ओढणाऱ्या पिकअपची जाळी धुऊन घ्या. एक्स्ट्रा मेहनत आहे, पण तुमच्या गाडीला हवीच. टर्बो ते मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा वाटून देणाऱ्या भागाचा) पाइप डिझेलनं धुऊन वाळवा. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) गाड्यांत तोही उतरवून उलटा ठेवावा लागतो, त्यात तेल साचतं आणि लोक विसरतात.

कोअर बॅलन्स केलेला घ्या. पात्या ओढून किंवा चाकावर जोर देऊन शाफ्ट फिरवायचा नाही. बसवल्यावर तेलाच्या भोकातून स्वच्छ तेल ओता, नट हलक्या बोटांनी फिरवा, परत ओता. मग नळी जोडा, पण परतीचा पाइप सुटा ठेवा आणि डिझेल बंद ठेवूनच सेल्फ मारा. खालून तेल उतरताना दिसलं की पाइप जोडा. त्यानंतरच इंजिन चालू करायचं, आणि पाच मिनिटं रेसला हात लावायचा नाही. शिट्टी ऐकायची हौस सगळ्यांनाच असते, पण नव्या बेअरिंगला पहिल्या मिनिटातच सर्वांत जास्त धोका असतो.

एकदा तेलाच्या स्विचच्या जागी गेज लावून गरम इंजिनवर प्रेशर बघून घ्या. ढोबळ हिशोब, दर हजार आरपीएमला दहा पीएसआय.

डेपोवाला_काका (दर्यापूर)

बराबर सांगतलं. फक्त बँजो बोल्ट लय आवयू नको, पोकय असते, तुटते. आन ५०० किलोमीटरवर तेल पुन्हा बदलून टाकजो.

संत्रापट्टा

उशिरा लिहितोय, पण पूर्ण करून लिहितोय.

चेंबर उतरवला. पिकअपच्या जाळीवर गाळ होता, निम्मी बुजली होती. नव्या नळीवर बाटलीची परीक्षा पुन्हा घेतली. तेवढ्याच सेल्फमध्ये बाटलीत सोनेरी धार पडली आणि बूड झाकून वर चढली. भावानं आतून विचारलं, "आली का?" मला बोलायलाच सुचेना.

सगळं सांगितल्याप्रमाणे बसवलं. प्रेशर गरम इंजिनवर २००० आरपीएमला ३० पीएसआय. शिट्टी आता आहे, पण ती नीट कान दिला तर ऐकू येते एवढीच. ५०० ला तेल बदलून झालं.

रविवारी बाबांना घेऊन परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला गेलो. तिथला चढ म्हणजे साधारण ११०० मीटरपर्यंत. मागे पाच जण, तरी तिसऱ्या गियरमध्ये घाट चढली, आरशात धूर नाही. बाबा खिडकीवर हात टाकून सगळा वेळ इंजिनच ऐकत होते, दरीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

वर पोचल्यावर सवयीनं माझा हात चावीकडे गेला. बाबांनी मनगट धरलं. "थांब नं. थंडा होऊ दे त्याले." घड्याळात पाहून त्यांनी दोन मिनिटं मोजली, मग स्वतःच चावी फिरवली.

सोमवारी सकाळी डिपस्टिक पाहिली. तेल वरच्या खुणेवरच आहे. आरटीओची तारीख पुढच्या गुरुवारची मिळालीय. काका, जुना बँजो बोल्ट मी ठेवून दिलाय, दर्यापूरला आलो की दाखवायला आणतो.