बोका, भाटी आणि गव्याची मादी

मुलाला शाळेतून इंग्रजी जोड्या पाठ करायला दिल्यात, फॉक्स-व्हिक्सन, गूस-गँडर, हॉर्स-मेअर वगैरे. त्याने सहज विचारलं की मराठीत बोक्याची मादी कोण, तर घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मांजरीण चालेल का?

– ताई, मांजरीण चालतं, पण खरा शब्द भाटी. बोका आणि भाटी, आणि दोघांना मिळून ते मांजर. हे ‘ते’ आपल्याला फार सोयीचं आहे, गाढव, हरीण, वासरू, सगळी ‘ते’, नर की मादी बघायला न जाता बोलता येतं. कोकणीतही तीन लिंगं असल्यामुळे सुणें, म्हणजे कुत्रं, म्हटलं की झालं. जर्मनचं तसंच, घोडा म्हणजे ‘दास फेर्ड’ नपुंसकलिंगी, त्यातला नर हेंग्स्ट आणि मादी श्टूटं. हिंदीत हे तिसरं घरच नाही म्हणून तिकडे सगळी मांजरं बिल्ली.

आणि ज्याच्याशी रोजचा व्यवहार त्याला शब्द भरपूर बघा. नुसत्या म्हशीच्या गोतावळ्यात रेडा, हल्या, टोणगा, वगार, पारडू, रेडकू एवढी मंडळी. गाईकडे वळू, बैल, खोंड, गोऱ्हा, कालवड. दूध देते म्हणून जातीचं नावही मादीचंच चालतं, म्हशी चरतायत म्हणतो तेव्हा त्यात रेडापण आला. उंट आपल्याकडे कुठला, तरी उंटिणीसाठी सांडणी शब्द आहे, कारण सांडणीस्वार निरोप घेऊन धावायचे.

– आमच्या घरी जुन्या लोकांना पोर्तुगीज यायचं त्यामुळे हे ऐकलेलं आहे, गालु कोंबडा नि गालिन्या कोंबडी, पण घोडा काव्हालु आणि घोडी एकदम एग्वा, काही संबंधच नाही दोघांचा! उलट कोब्रा म्हणजे त्यांच्यात कुठलाही साप आणि तो कायम स्त्रीलिंगी, नर सांगायचा तर मागे ‘माशु’ जोडायचं. आपण घारीला नर घार म्हणतो तसंच ते. नागाला मात्र आपल्याकडे सरळ नागीण आहे.

– मग गवा? गोव्याचा राज्यप्राणी, आणि बातमीत दरवेळी ‘गवा रेड्यांचा कळप’ बागायतीत शिरलेला असतो. अहो कळपात असतात त्या बहुतेक माद्या नि पिल्लं, मोठे नर बरेचदा एकटे फिरतात. शिवाय गवा गाईच्या कुळातला, म्हशीच्या नव्हे, त्यामुळे रेडा दोन्हीकडून चुकतो. गव्यांचा कळप लिहा की, आणि वेगळं सांगायचंच असेल तर गव्याची मादी म्हणा, गवीण वगैरे ओढून ताणून करू नका.